कोड उघडा, वही बंद

वडील ज्या वॉर्डात दाखल होते, तिथे नर्सिंग स्टेशनच्या कॉम्प्युटरशेजारी एक शंभरपानी वही असायची, दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधलेली. मुंबईतलं मोठं रुग्णालय. नाव सांगायची गरज नाही, कारण अशी वही शहरातल्या बऱ्याच वॉर्डांत सापडेल. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला आहे हे कळल्यावर रात्रपाळीच्या सिस्टरांनी ती माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "तुमच्या लोकांपर्यंत पोचवा हो हे, काहीतरी करून. आम्ही सांगून थकलो."

वहीत तारखेनिशी नोंदी होत्या. ‘ज्ञानेश्वर’ नावाचा पेशंट सापडत नसेल तर डीएनने शोधा, तरी नाही मिळाला तर जीवायने. लग्न झालेल्या बाईचा जुना नंबर हवा असेल तर माहेरचं आडनाव विचारून घ्या. रात्री बारानंतर लिहिलेलं औषध आदल्या तारखेला पडतं, सकाळी फार्मसीला फोन करणे. बाळाचं वजन ग्रॅममध्ये टाकू नये, आपोआप किलो धरतं. या शेवटच्या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

मी ती वही अर्धा तास वाचत बसलो. वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या नेमक्या तक्रारी मी फार कमी वेळा वाचल्या आहेत: काय केलं की काय होतं, केव्हा होतं, आणि तोवर काम कसं चालवायचं. पण यातलं काहीही ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. कंपनीचा इंजिनिअर यायचा तो प्रिंटर चालू करून जायचा. खालच्या मजल्यावर दुसरी वही होती म्हणे. तिच्यातल्या निम्म्या नोंदी याच असणार. दोन वह्यांची एकमेकींशी गाठ कधी पडली नाही.

आरोग्यक्षेत्रातल्या ओपन सोर्सविषयी, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरविषयी, आपल्याकडे बोलणं निघालं की ते कोडपाशी सुरू होतं आणि कोडपाशीच संपतं. कोड खुला आहे का, परवाना कुठला, फुकट मिळतो का. मला हे प्रश्न दुय्यम वाटतात. माझ्या मते कुठल्याही रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरचा खुलेपणा मोजायचा असेल तर एकच गोष्ट बघावी: ती वही कुणाला वाचता येते, आणि तिच्यात लिहिणाऱ्या बाईचं म्हणणं निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर पोचतं का. कोड जगापुढे मांडला आणि वही टेबलाला बांधलेलीच राहिली, तर आपण दार उघडून खिडकीत उभं राहणाऱ्याला परत पाठवल्यासारखं आहे.

हे बोलणं मुंबईत करायला एक खास कारण आहे. बंद राहिलेल्या कागदांनी किती नुकसान होतं याचं एक मोठं उदाहरण या शहराच्या पोटात आहे, केईएम रुग्णालयाच्या शेजारी, आचार्य दोंदे मार्गावरच्या हाफकिन संस्थेत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन हे जीवाणूशास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार करू लागले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि तिथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती, बाटलीचा क्रमांक ५३ एन. ते १९ जण धनुर्वाताने गेले.

चौकशी आयोग बसला. दोष परळच्या प्रयोगशाळेचा, बाटली उघडण्याआधीच लस दूषित झाली होती, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन पदावरून दूर झाले. पण साक्षींमध्ये एक गोष्ट पहिल्यापासून नोंदलेली होती. मुलकोवालमध्ये बाटलीचं बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात हे तेव्हाही माहीत होतं. म्हणजे उत्तर कागदांत होतं. कागद मात्र बाहेरच्या कुणाच्या हाती नव्हते. भारत सरकारच्या गॅझेटमध्ये ते छापून यायला १९०६ ची अखेर उजाडली. ते छापल्यावरच सरकारबाहेरच्या शास्त्रज्ञांना सगळ्या साक्षी एकत्र वाचता आल्या. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जीवाणूशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरचा ठपका चुकीचा असल्याचं मांडलं. त्यानंतर ते निर्दोष ठरले, पण परळची प्रयोगशाळा त्यांच्याकडे परत आली नाही. संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

मला यात हाफकिन यांच्यावरच्या अन्यायापेक्षा मधली चार वर्षं जास्त खुपतात. त्या काळात परळमध्ये कुणाला वाटलं असेल, आपली पद्धतच चुकली. पंजाबात कुणाला वाटलं असेल, लसच वाईट. आणि चिमटा पडला तर काय करायचं, हा जो खरा धडा होता, तो कुणाही तिसऱ्या गावातल्या टोचणाऱ्यापर्यंत पोचायला हवा होता. माहिती होती. तिला वाट नव्हती.

सॉफ्टवेअरमध्ये हेच कसं घडतं त्याचं सगळ्यांत भीषण उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राचं आहे. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना ठरलेल्यापेक्षा कितीतरी पट किरणं दिली. त्यातल्या निदान तिघांचा जीव गेला. रुग्णालयांनी विचारणा केली की कंपनीकडून उत्तर यायचं, असं होणं शक्य नाही, असं इतरत्र कुठे घडलेलं नाही. प्रत्येक रुग्णालयाला वाटत राहिलं की आपण एकटेच आहोत. शेवटी टेक्सासमधल्या टायलर गावच्या कर्करोग केंद्रातला भौतिकशास्त्रज्ञ आणि तिथली ऑपरेटर बाई यंत्रासमोर बसले आणि पुन्हा पुन्हा तीच कृती करत राहिले. ऑपरेटर अनुभवी होती, तिचा हात चपळ होता. चुकून दाबलेलं अक्षर तिने आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केलं की पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ हा बिघाडाचा संदेश यायचा. पडद्यावरची नोंद बदललेली दिसायची, आतलं यंत्र मात्र आधीच्याच मांडणीत राहायचं. यंत्र बनवणाऱ्यांना न सापडलेली चूक यंत्र रोज वापरणाऱ्या बाईच्या बोटांत होती.

याच प्रकरणातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. शिकागोमध्ये याच कंपनीचं आधीचं यंत्र होतं, थेरॅक-२०. तिथे नवे विद्यार्थी शिकायला आले की यंत्राचे फ्यूज उडायचे. का, ते कुणाला कळत नव्हतं. नवखे आहेत, काहीतरी भलतंच दाबतात, एवढंच. थेरॅक-२५ च्या अपघातांची माहिती वापरकर्त्यांच्या बैठकीत उघडपणे सांगितली गेली तेव्हा तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की सॉफ्टवेअरमधली तीच चूक आपल्याही यंत्रात आहे. फरक इतकाच होता की जुन्या यंत्रात सुरक्षेसाठी वेगळी यांत्रिक अडवणूक होती, त्यामुळे माणूस भाजण्याऐवजी फ्यूज उडत होता. नव्या यंत्रातून ती अडवणूक काढून टाकली होती. शिकागोचे उडालेले फ्यूज वेळेवर कुणी नोंदले असते आणि ती नोंद सगळ्यांना वाचता आली असती तर? वॉर्डातल्या वहीतली खाली लाल रेघा मारलेली ओळ मला अशीच वाटते. आज ती नुसता त्रास आहे, कारण सिस्टर जाग्या आहेत.

आपल्याकडे सरकारी पातळीवर खुलेपणाची भाषा पुष्कळ झाली, हे मान्य करायला हवं. २०१५ मध्ये केंद्राने ओपन सोर्स वापरण्याचं धोरण आणलं, आणि सरकारी ॲप्लिकेशनांचा कोड उघडा करून सहकार्याने वाढवण्याचंही. आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं. त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड २६ मे रोजी खुला झाला. पाऊल चांगलंच होतं. पण ॲप तोवर कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये गेलं होतं, आणि सर्व्हरचा कोड त्या दिवशी आला नाही. त्याच सुमारास जर्मनीने आपलं कोरोना ॲप बनवताना उलट क्रम धरला. कोड आधी लोकांपुढे, त्यावर टीका, दुरुस्त्या, आणि मग १६ जून २०२० रोजी ॲप. दोन्हींना ओपन सोर्सच म्हणतात. एकात शेजाऱ्याला घर बांधताना बोलावलं, दुसऱ्यात वास्तुशांतीला.

घर बांधतानाच बोलावलं तर काय होतं, ते आपल्याच देशात बघायला मिळतं. छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारी नावाचं गाव आहे. एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी तिथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था उभी केली. तिच्या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रोग्रॅमरांनी बाह्मनी ही प्रणाली बांधली. शून्यातून काही लिहिलं नाही. रुग्णाची नोंद ओपनएमआरएसमधून, प्रयोगशाळा ओपनईएलआयएसमधून, हिशेब आणि साठा ओडूमधून, असे तीन खुले प्रकल्प जोडून घेतले. ओपनएमआरएस स्वतः २००४ मध्ये केनियातल्या एल्डोरेटच्या एचआयव्ही रुग्णांसाठी सुरू झालं होतं. तिथल्या डॉक्टरांना नवा प्रश्न विचारायचा असेल तर दर वेळी प्रोग्रॅमर बोलवावा लागू नये, म्हणून त्याच्या पोटात संकल्पनांचा कोश ठेवला. कोशात नवी संकल्पना भरली की फॉर्ममध्ये ती वापरता येते. केनियातली ती गरज गनियारीला उपयोगी पडली. गनियारीत झालेलं काम पुढे नेपाळमधल्या अछामच्या बयलपाटा रुग्णालयात गेलं. बाह्मनीच्या नोंदणीत रुग्णाचं नाव स्थानिक लिपीतही लिहायची सोय आहे. ती कुणाच्या वातानुकूलित खोलीत सुचली असती असं मला वाटत नाही.

आणि आता आमच्या ज्ञानेश्वरकडे या. रोमन लिपीत तो डीएन आहे की जीवाय, हा प्रश्न दिल्लीतल्या किंवा बंगळुरूतल्या प्रोग्रॅमरला पडणारच नाही. तो मुंबईत पडतो, जिथे एकाच खिडकीवर साताऱ्याचा ज्ञानेश्वर आणि जौनपूरचा ज्ञानेश्वर एकामागून एक उभे असतात. बाईच्या बाबतीत तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. एकविसाव्या वर्षी माहेरच्या नावाने काढलेला केस पेपर तिसाव्या वर्षी सासरच्या नावाने सापडत नाही, आणि आधीच्या बाळंतपणातली गुंतागुंत नव्या डॉक्टरांना कळत नाही. क्षयाचा पेशंट औषधं अर्धवट टाकून गावी जातो, परत येतो, दुसऱ्या स्पेलिंगने नवा पेशंट होतो. शिवडीच्या क्षय रुग्णालयाच्या शहरात ही क्षुल्लक गोष्ट नाही. औषधांना न जुमानणारा क्षय अर्धवट उपचारांतूनही वाढतो. या एका दुरुस्तीचा, मराठी नावांच्या शोधाचा, कोड एकदा नीट लिहिला आणि उघड्यावर ठेवला तर तो शिवडीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना वापरता येईल. आज प्रत्येक रुग्णालय तो प्रश्न आपापल्या वहीत सोडवतंय.

या विचाराला माझे मित्र दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला सुरक्षिततेचा. कोड उघडा ठेवला तर चोराला नकाशाच दिल्यासारखं नाही का? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे देशातल्या सगळ्यांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक हातकागदावर चाललं. तिथे कुणी कोड वाचून हल्ला केल्याचं समोर आलेलं नाही. बंद दारही फुटतं, एवढं त्यातून दिसतं. पण उघडं दार आपोआप भक्कम होतं असंही मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये ओपनईएमआर या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत संशोधकांना वीसहून अधिक त्रुटी सापडल्या, त्यातल्या काही गंभीर. कोड वर्षानुवर्षं सगळ्यांपुढे होता. त्याआधी ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही चूक दोन वर्षं उघड्यावर पडून होती. ७ एप्रिल २०१४ ला ती जाहीर झाली तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्याच्यावर उभं आहे ते सॉफ्टवेअर सांभाळायला पूर्णवेळ माणसं जवळजवळ नव्हतीच. अनेक डोळे असले की चुका दिसतात हे खरं, पण कुणीतरी बघायला बसवावं लागतं. ओपनईएमआरच्या बाबतीत जे पुढे झालं ते मात्र अनुकरणीय आहे. संशोधकांनी आधी प्रकल्पाला खासगीत कळवलं, दुरुस्त्या तयार झाल्या, त्या रुग्णालयांना मिळाल्या, आणि मग सगळं जाहीर केलं. चूक सापडल्यावर काय करायचं याची रीत ठरलेली असणं हे कोडच्या खुलेपणाहून मोठं संरक्षण आहे.

कोड उघडा म्हणजे पेशंटचे कागद उघडे, हा गैरसमज तर अजूनही पुष्कळांच्या मनात असतो. रुग्णाची माहिती कुलपातच राहिली पाहिजे. २०१७ चा एचआयव्ही कायदा गोपनीयता बंधनकारक करतो, २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीसाठी आहे. ही अडचण वहीलाही आहे, आणि ती मी टाळणार नाही. सिस्टरांच्या वहीत पेशंटांची नावं होती, खाट क्रमांक होते. ती जशीच्या तशी बाहेर ठेवणं गोपनीयतेचा भंग ठरेल. ‘खाट बारावरच्या अमुक बाईंचं वजन’ या ओळीचं ‘वजनाच्या रकान्यात एकक दिसत नाही’ असं रूपांतर कुणीतरी शिकलेल्या माणसाने करायला हवं. हे कारकुनी काम नाही. त्यासाठी वॉर्डही कळावा लागतो आणि सॉफ्टवेअरही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि मला तो जास्त छळतो. ओपन सोर्स म्हणजे फुकट, ही समजूत या क्षेत्राला घातक आहे. रात्री जागून फुकट काम करणाऱ्या दोन-चार तरुणांवर अतिदक्षता विभाग चालवता येत नाही. कोविडच्या पहिल्या महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, केरळात स्वयंसेवक प्रोग्रॅमरांनी ‘केअर’ ही प्रणाली उभी केली, आणि ती नंतर टेन-बेड-आयसीयू प्रकल्पातून इतर राज्यांत गेली. स्वयंसेवेतून सुरुवात होऊ शकते हे त्यातून सिद्ध झालं. पण ती टिकवायची तर मागे संस्था लागते, पगार लागतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये घुसवलेली चोरवाट उघडकीला आली. तो प्रोग्रॅम एकच थकलेला माणूस सांभाळत होता. मदतीच्या नावाखाली कुणीतरी दोन वर्षं त्याचा विश्वास मिळवला होता. हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नाही, कारण एकट्या माणसावर उभी असलेली आरोग्याची सॉफ्टवेअरं मला माहीत आहेत.

पैसे आणि सत्ता या दोन्हींबाबत अमेरिकेतल्या व्हिस्टा या रुग्णालयांच्या प्रणालीची कहाणी शिकण्यासारखी आहे. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत १९७० च्या दशकाच्या अखेरीला काही प्रोग्रॅमर वरिष्ठांच्या विरोधात जाऊन डॉक्टरांच्या शेजारी बसून सॉफ्टवेअर लिहू लागले. त्यांना काढलं गेलं, कामं थांबवली गेली, तरी रुग्णालयांनी ते सोडलं नाही आणि १९८० च्या दशकात सरकारला ते अधिकृत करावं लागलं. सरकारी पैशाने लिहिलेलं, म्हणून कुणालाही खुलं. जॉर्डनने आपली हकीम ही राष्ट्रीय प्रणाली त्यावरच उभी केली. पुढे निर्णय मुख्यालयात एकवटले, वॉर्डाशेजारी बसून कोड बदलायची मुभा आटली, सॉफ्टवेअर जुनं पडलं, आणि २०१८ मध्ये अब्जावधी डॉलरचा करार करून बाहेरची व्यापारी प्रणाली घेतली. पहिल्याच मोठ्या रुग्णालयात, स्पोकेनमध्ये, डॉक्टरांनी लिहिलेले ११ हजारांहून जास्त वैद्यकीय आदेश ‘अज्ञात रांगे’त जाऊन पडले. पाठवणाऱ्या डॉक्टराला कळायचंही नाही की आदेश पोचला नाही. जुलै २०२२ मध्ये सरकारच्याच महानिरीक्षकांनी अहवाल काढला की त्यातून १४९ रुग्णांना इजा झाली. तो अहवाल कुणालाही वाचता येतो. आपल्याकडे एखाद्या रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरविषयी असा अहवाल निघून तो लोकांना वाचायला मिळाल्याचं कुणी बघितलं आहे?

मुंबईत हे होऊ शकतं असं मी म्हणतो तेव्हा ते हवेत बोलणं नसतं. जगभर वापरलं जाणारं ईआरपीनेक्स्ट हे खुलं सॉफ्टवेअर मुंबईतल्या फ्रापेने बनवलं आणि त्याच्या पायावर रुग्णालयांसाठीचा भागही उभा आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प विद्यार्थ्यांना ओपन सोर्सवर काम करायला लावतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. माणसं आहेत. मुंबई महापालिकेकडे चार मोठी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, उपनगरी रुग्णालयं, प्रसूतिगृहं आणि दवाखाने आहेत. तिचा वार्षिक अर्थसंकल्प २०२५-२६ साली ७४ हजार कोटींच्या पुढे गेला. इतक्या मोठ्या गिऱ्हाइकाने निविदेत एक कलम घातलं तर विकणाऱ्यांना ते मानावंच लागेल.

आणि खालच्या माणसाच्या हाती निर्णय दिला की काय होतं हे या शहराने पाहिलं आहे. २०२० च्या उन्हाळ्यात खाटांसाठी सगळं शहर एकाच मध्यवर्ती हेल्पलाइनला फोन लावत होतं. जूनमध्ये ते काम महापालिकेच्या चोवीस प्रशासकीय वॉर्डांच्या वॉर रूममध्ये वाटलं गेलं. वॉर्डातला डॉक्टर आपल्या हद्दीतली रुग्णालयं ओळखत होता, कुठल्या गल्लीत ॲम्ब्युलन्स वळत नाही तेही त्याला माहीत होतं. यादी तीच होती. ती भरणारा आणि वाचणारा माणूस बदलला. मुख्यालयात बसून सगळं चालवायची सवय असलेल्या यंत्रणेने हे केलं, म्हणून मला सॉफ्टवेअरच्या बाबतीतही आशा वाटते.

तर कलम काय असावं? सार्वजनिक पैशाने घेतलेल्या आरोग्य सॉफ्टवेअरचा कोड खुला असावा, हे तर आहेच. करार संपला तरी जुने रिपोर्ट प्रमाणित स्वरूपात रुग्णालयाच्या हातात राहावेत. आमच्याच घरात एका जुन्या रुग्णालयातले वडिलांचे सहा वर्षांचे रक्ताचे आकडे ‘जुनी सिस्टीम बंद झाली’ या एका वाक्यात गेले आणि नव्या डॉक्टरांना मूत्रपिंड केव्हापासून ढासळत होतं ते कळू शकलं नाही. हे कुणाच्याही वडिलांच्या वाट्याला येऊ नये. पण माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीवर आहे. ज्ञात चुकांची यादी, पेशंटची ओळख काढून, सगळ्या रुग्णालयांना आणि नागरिकांना दिसेल अशी ठेवावी, मराठीत. चूक केव्हा कळली, केव्हा दुरुस्त झाली, तोवर वॉर्डात काय करायचं, हे तीन रकाने तिच्यात असावेत. आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयात ती यादी सांभाळणारा एक पगारी माणूस असावा, ज्याचं काम रोज वॉर्डात फिरून वह्या वाचणं हे असेल. जगातले बहुतेक खुले आरोग्य प्रकल्प इंग्रजीत बोलतात. ज्या सिस्टर रोज ते सॉफ्टवेअर हाताळतात त्यांचं म्हणणं त्या चर्चेत पोचत नाही. हा माणूस त्यांचा दुभाषा असेल. त्याच्याशिवाय आपला खुलेपणा इंजिनिअरांचा आपसातला राहील.

कुणी म्हणेल, चुकांची यादी जाहीर केली तर लोकांचा विश्वास उडेल, वर्तमानपत्रात बातम्या येतील. येतील. पहिल्या वर्षी यादी लांबलचक असेल आणि ज्या रुग्णालयाची यादी सर्वांत लांब, त्याची बदनामी होईल. म्हणून सुरुवात सगळीकडे एकाच दिवशी व्हावी, आणि यादीत चूक नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या नोंदीवरून कारवाई करता येणार नाही असा लेखी आदेश आधी निघावा. सिस्टरांनी मला वही दाखवली ती रात्री अकरा वाजता, मेट्रन घरी गेल्यावर. दाखवून झाल्यावर त्यांनी मला दोनदा बजावलं, "माझं नाव नका हो सांगू."

निर्णय घेणाऱ्या समितीत निदान दोन परिचारिका, एक फार्मासिस्ट, केस पेपरच्या खिडकीवरचा एक क्लार्क यांना मत असलं पाहिजे, नुसतं निमंत्रण नको. आणि समितीची बैठक सकाळी अकराला ठेवू नका. तेव्हा राउंड चालू असतात, वॉर्ड सोडून कुणीही येऊ शकणार नाही आणि त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहतील. दुपारी अडीचला ठेवा, सकाळच्या पाळीने ओव्हर दिल्यावर, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवल्यावर. आणि जेवढा वेळ त्या बसतील तेवढा ड्यूटीत धरा.